अहो, प्रतिपिंड म्हणजे त्रिपिंडी नव्हे

अहो, तुमचा पिंड ठेवायला आणि कावळा यायला एकच गाठ पडली. गुरुजी हात जोडून मागं सरकतायत तोवर तो भाताचा गोळा चोचीत धरून पलीकडच्या उंबरावर जाऊन बसलासुद्धा. घाटावरच्या मंडळींनी हुश्श केलं. कुणीतरी म्हणालं, जीव कशातच अडकला नव्हता, तृप्त गेला माणूस.

मला राग आला. तृप्त? तुम्ही?

मी घरून ठरवून आले होते. कावळा तासभर तरी ताटकळत ठेवणार, मग रीतीप्रमाणं एकेक जण पुढं होऊन तुम्हाला काहीबाही कबूल करणार, अमक्याचं बघू, तमक्याला अंतर देणार नाही, आणि माझी पाळी आली की मी पदर सावरून म्हणणार होते, "संदीप पुण्याला जाऊन आपली तपासणी करून घेईल." ओल्या धोतरानं, मुंडण केलेल्या डोक्यानं, तुमच्या पिंडासमोर उभं राहून त्याला नाही म्हणता आलं नसतं. कावळ्याच्या आडून बाण मारायचा बेत होता. तुम्ही तो बेतच खाऊन टाकलात. जन्मभर ताट वाढायच्या आधी पाटावर येऊन बसायची खोड, ती गेल्यावरही सुटली नाही.

वाचणाऱ्यांना सांगायला हवं. संदीप म्हणजे तुमच्या धाकट्या भावाचा मुलगा, तुम्हाला तात्या म्हणणारा. आपल्याला एकुलती एक सुमन, म्हणून पाणी त्यानं दिलं. त्याची बायको अश्विनी, भोंगवलीची. लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा हलला नाही. तिच्या भोरला सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. संदीप मात्र दवाखान्याची पायरी चढत नाही. म्हणतो, माझ्यात काय बघायचंय, कबड्डी खेळलेलं अंग आहे. आणि तुम्ही आजारी पडायच्या थोडं आधीपासून त्याची आई, म्हणजे माझी धाकटी जाऊ, अश्विनीला म्हणायला लागली होती की जरा माहेरी जाऊन आराम कर. आपल्या घरात सुनेसाठी कुणी आराम हा शब्द काढला की समजावं, परतीचं तिकीट काढलेलं नाही. दुसऱ्या पोरीची चौकशी चाललेली मला ठाऊक होती. तेरावा झाला की अश्विनीला पोचवायचं, असं ठरलंही होतं.

आणि तुम्ही तिला शब्द दिला होता. दिलात आणि निघून गेलात.

आता पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण मी हा विषय काढला की तुम्ही मधेच उठून गोठ्यात जायचात. आता कुठं जाल?

सुमन रांगत होती तेव्हाची गोष्ट. भोरचा नालबंद बैलांच्या खुरांना पत्र्या मारायला आला होता. बैल पाडला, पाय बांधले, मागच्या पायांशी तुम्ही बसलात. दोर सुटला. तुम्ही घरी आलात ते पाय फाकवून, बदकासारखे. मी तेव्हा विशीची, अंगात तोरा पुष्कळ, डोक्यात भुसा. मी इतकी हसले की माझं बघून सुमनही हसायला लागली. काय झालं विचारलं तर तुम्ही दातावर दात दाबून म्हणालात, काटा मोडलाय. आणि ही शहाणी काटा काढायला सुई घेऊन आली. कुठं आहे काटा, दाखवा म्हणून मागं लागली. तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडून राहिलात. पुढं सगळी सूज बघितल्यावर माझं हसू पळालं. मिठाची पुरचुंडी गरम करून शेकायला दिली. दवाखान्यात जा म्हटलं तर म्हणालात, बैलानं कुठं लाथ मारली हे सांगू कसं? लोकांना ताप आलाय म्हणून सांगितलंत. सूज उतरली, तुम्ही पुन्हा चिखलात उतरलात, आणि त्या लाथेला आपण दोघंही विसरलो.

मग सुमन चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत जायला लागली. दुसरं काही होईना. आत्याबाई, म्हणजे तुमच्या आई, वाईट नव्हत्या. त्यांचा हिशेब फक्त शेतकऱ्याचा होता. त्या म्हणायच्या, "एकदा उगवलंय म्हंजी बी चांगलं हाय. आता रानच थकलं." बी तुमचं, रान मी. त्या हिशेबात तुमच्याकडं बोट वळायला जागाच नव्हती. मग कुठल्याशा पूजेला आलेल्या गुरुजींनी माझ्यासाठी एक शब्द दिला, काकवंध्या. एकच मूल होऊन थांबलेली बाई. गावानं तो सोपा करून घेतला, काकवांझ. कावळीला म्हणे एकदाच पिल्लं होतात. कुणी बघायला गेलं होतं, देव जाणे. पण तेव्हापासून कावळ्यांचं आणि माझं नातं आहे, म्हणून दहाव्याला घाटावर त्यानं माझ्याशी अशी गद्दारी करावी याचं जास्त वाईट वाटलं.

भोरच्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं. म्हणाल्या, तुझ्यात काही नाही, नवऱ्याला घेऊन ये. हे तुम्हाला सांगायला मी दोन दिवस तोंडातल्या तोंडात घोळवत होते. सांगितलं तर तुम्ही बैलांना पेंढा टाकता टाकता म्हणालात, "जाऊ की." बस्स. आपल्या गावातला दुसरा एकही पुरुष त्या काळात गेला नसता. आजही जात नाही, ते आपण बघतोच आहोत. तुम्ही गेलात. पुढं मी तुम्हाला पुष्कळ बोलणार आहे, पण हे विसरून बोलत नाही.

त्या बाईंनी पुण्याच्या डॉक्टरकडं धाडलं. तपासायला नमुना द्यावा लागेल, एवढंच सांगितलं. नमुना म्हणजे लघवी, दुसरं काय असतं, असं मी ठरवलं आणि लिंबाच्या लोणच्याची बाटली राखेनं तीनदा घासून पिशवीत घातली. तिथल्या मुलीनं झाकण उघडून वास घेतला आणि बाटली हळूच बाजूला ठेवली. म्हणाली, "आजी, ह्यात जिवंत काही टिकायचं नाही." आजी म्हणाली मला. मी तेव्हा तिच्याच वयाची असेन, पण नऊवारी नेसले होते. तिनं त्यांची बाटली दिली, न्हाणीघर दाखवलं. तुम्ही आत गेलात. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाहेरच्या बाकावर मी शेजारच्या बाईला समजावून सांगत होते, ह्यांना लघवीचा त्रास आहे. बाई माझ्याकडं बघून हसली. मला वाटलं, स्वभावानं गोड आहे.

डॉक्टर तरुण होते आणि त्यांना शुद्ध मराठी बोलायची हौस होती. त्यांनी तुम्हाला यंत्रापाशी बोलावलं, म्हणाले, या भिंगातून बघा. तुम्ही वाकून बघितलंत. पुष्कळ वेळ बघितलंत. मग ते मला म्हणाले, ताई, तुम्हीही बघा. मी डोळे गच्च मिटून घेतले आणि मान हलवली. परक्या माणसादेखत, काचेतून, नवऱ्याचं तसलं काही बघायचं म्हणजे मला धरणी दुभंगावी असं झालं. शरमेनं कानसुद्धा अर्धे बंद झाले होते. त्या अर्ध्या कानात डॉक्टरांचं बोलणं आलं, की यांच्या अंगात प्रतिपिंडं तयार झाली आहेत, त्यावर उपाय करायला हवा. पिंड एवढंच मला कळलं. मी हात जोडले.

स्वारगेटला एस्टीत बसल्यावर मी तुम्हाला विचारलं, म्हणजे त्रिपिंडी करायला सांगितली ना? ज्यांचे पितर अतृप्त राहिलेत ते करतात ती? तुम्ही माझ्याकडं बघितलंत. खिडकीची काच खाली केलीत, वर केलीत. मग म्हणालात, "व्हय. तसंच कायतरी."

अहो, तुम्ही बरोबर ऐकलं होतं. तुमचे कान बंद नव्हते. हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

गावात त्या डॉक्टरचा मान किती वाढला. आत्याबाई म्हणाल्या, एवढा शिकून देवाधर्माला धरून आहे, देवमाणूस आहे. सगळं जुळतच होतं. मामंजींच्या दहाव्याला कावळा शिवला नव्हता, दर्भाचा करून शिववला होता. म्हणजे तेच अडलेत, त्यांनीच दार लावून धरलंय. नदीवर त्रिपिंडी झाली, जेवणावळ झाली, मी नवी साडी नेसून मिरवले. दोष मेलेल्यांचा निघाला की जिवंत माणसं एकमेकांकडं मोकळेपणानं बघतात. त्या महिन्यात आत्याबाईंनी मला स्वतःच्या हातानं वेणी घातली.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, मी लिहून दिलेल्या गोळ्या सुरू केल्या का? मी अभिमानानं सांगितलं, गोळ्या राहिल्या, पण त्रिपिंडी यथासांग केली. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पेन खाली ठेवलं आणि साध्या भाषेत सांगायला बसले. अंगात परकं काही शिरलं, रोगजंतू वगैरे, की त्याला पकडायला रक्त जे तयार करतं ते प्रतिपिंड. लस टोचतात ती त्याचसाठी. आता पुरुषाचं बीज तयार व्हायला लागतं ते वयात आल्यावर. आपलं काय आणि परकं काय, ही ओळख अंगानं त्याच्या किती आधी करून घेतलेली असते. त्या ओळखीत हे बीज नसतं. म्हणून निसर्गानं ते एका भिंतीआड ठेवलेलं आहे, रक्ताची आणि त्याची गाठच पडत नाही. मार लागला, आतली भिंत फुटली, की रक्त ते पहिल्यांदा बघतं, आणि परकं समजून धरतं. मग डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं, कधी लागलं होतं का? तुम्ही टोपी चाचपलीत. मी म्हटलं, काटा मोडला होता. म्हणता म्हणता माझ्याच डोक्यात उजेड पडला आणि मी खाली बघितलं.

तुम्ही शेवटी तोंड उघडलंत. "म्हंजी राखणदारानंच पीक मारलं."

डॉक्टर म्हणाले, अगदी तसंच. मी विचारलं, मग त्या राखणदाराला काढून टाकता येत नाही का? ते म्हणाले, तो आहे म्हणून तापातून माणूस उठतो. त्याला काढता येत नाही, गोळ्यांनी थोडा पेंगवता येतो, तोही सगळ्यांच्या बाबतीत नाही. पुरुषपणात काही उणं नाही, हेही त्यांनी बजावून सांगितलं. ते मला सांगायची गरज नव्हती. मग म्हणाले, मूल होणारच नाही असं मी म्हणत नाही. तेच वाक्य जड गेलं. नाही म्हटलं असतं तर रडून मोकळे झालो असतो.

येताना एस्टीत तुम्ही आपणहून सांगितलंत, काचेत काय दिसलं होतं ते. "लई हुती गं. लई. पर एकमेकास्नी चिकाटल्याली. डोक्याला डोकं, शेपटाला शेपूट. जागच्या जागी वळवळत हुती. जत्रंच्या एस्टीच्या दारात मानसं आडकत्यात तशी. एक बी पुढं सरकंना." आणि नसरापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलात. तुमची जन्माला येऊ न शकलेली माणसं तुम्ही डोळ्यांनी बघितलीत, आणि तुमच्याबरोबर बघायला कुणी नव्हतं. मी डोळे मिटले होते. त्या वेड्या पोरीला आता दोन्ही कान धरून उभी करावी आणि म्हणावं, बघ की गं भवाने, खाणार होतं का तुला ते?

गोळ्यांनी तुमचं तोंड भाकरीसारखं फुगलं. पोटात आग पडायची. गावात म्हणायचे, गडी सुधारला, बायकोचा हात चांगला आहे. दर महिन्याला मी कॅलेंडरकडं बघायची आणि तुम्ही माझ्या तोंडाकडं. मग डॉक्टरांनीच गोळ्या थांबवल्या.

आता त्रिपिंडीची गंमत बघा. पितर तृप्त झाले, त्यांच्यावरचा आळ गेला. तुमच्यावर तो कधी नव्हताच. मग उरलं कोण? आत्याबाई म्हणाल्या, त्यांच्याकडून करायचं ते सगळं केलं, आता हिच्यातच आहे. माझ्याच चुकीच्या ऐकण्यानं माझ्यावरचा शिक्का पक्का झाला. कुणाच्या डोहाळजेवणाला गेले की ओटी भरायच्या वेळी मला कुणीतरी प्रेमानं स्वयंपाकघरात बोलवायचं, जरा आमटी बघा हो. मी किती घरच्या आमट्या बघितल्या असतील.

तेव्हा एकदा नाचणी खुरपताना बांधावर मी तुम्हाला म्हटलं, कुणाला सांगू नका. माझ्या तोंडाचं मी बघते, तुमच्या मिशीला कुणी हसायला नको. केवढ्या ऐटीत म्हटलं. जसं काही पंचायतीसमोर माझा सत्कार करून पतिव्रता म्हणून नारळ देणार होते. तुम्ही खुरपं खाली न ठेवता म्हणालात, "बरं."

आपलं भांडण त्या एका शब्दाशी आहे. अहो, तुम्ही माझं दुसरं कधी काय ऐकलंत? विडी सोडा म्हटलं, नाही. वरच्या खाचरात इंद्रायणी लावा म्हटलं, नाही. पानशेतकडच्या पाहुण्यांच्या लग्नाला नवा सदरा घाला म्हटलं तर जुनाच घातलात. मग हेच एक पहिल्या शब्दाला कसं पटलं? सवत आणायची गोष्ट निघाली तेव्हा तुम्ही भरल्या ताटावरून उठलात आणि आईला म्हणालात, पुन्हा हे तोंडातून काढू नकोस. मी चुलीपुढं रडले, सुखानं. सुमनला खांद्यावर घेऊन नसरापूरच्या बाजारात मिरवलंत, ती म्हणेल तिथवर शिकवलीत. कुठल्या बाईला एवढं मिळतं? पण ताटावरून उठलात तेव्हाही कारण सांगितलं नाहीत. गाव म्हणालं, काय देवमाणूस आहे, असल्या बायकोला सांभाळतो. तुमचा मोठेपणा वाढला, आणि त्याच मापानं माझी खोट.

केस पांढरे झाल्यावर एकदा विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही कान कोरत होतात. म्हणालात, "तूच म्हनली हुतीस, सांगू नका." मी म्हटलं, "म्या म्हनलं, तवा तुमी न्हाई म्हनायला पायजे हुतं." तुम्ही हसलात आणि दुसरा कान कोरायला घेतलात. भांडण तिथंच राहिलं. गप्प बसलात ते माझा शब्द राखायला, की माझ्या शब्दाआड बसायला बरं वाटत होतं? एस्टीतलं ते "तसंच कायतरी" आठवलं की माझं उत्तर एका बाजूला झुकतं. पेंढा टाकता टाकता म्हटलेलं "जाऊ की" आठवलं की दुसऱ्या बाजूला.

गेल्या कार्तिकात अश्विनी पडवीत येऊन रडली. मी आत भाजी ढवळत होते. तुम्ही तिला म्हणालात, "पोरी, भात झोडून हू दे. म्या बोलतो संदीपशी. माजंच सांगतो त्याला." माझ्या हातातला डाव थांबला. माजंच सांगतो. तो शब्द ऐकायला मी म्हातारी झाले होते. मी बाहेर येऊन काय म्हणावं? म्हटलं, चहा घेता का. मग झोडणी झाली, पेंढा रचून झाला, मग जत्रा होऊ दे म्हणालात. मग छातीत कळ आली आणि बोलायची वेळ संपली. राहून गेलं की राहू दिलंत, हेही आता विचारायची सोय नाही.

म्हणून घाटावर कावळा उडून गेल्यावर मी मंडळींबरोबर परतीच्या टेम्पोत चढले नाही. संदीप पायरीवर धोतर पिळत बसला होता, त्याच्यापाशी गेले. म्हटलं, "तात्यांचं एक राहिलंय."

तो म्हणाला, "काकी, कावळा शिवला की."

"कावळ्याला काय कळतंय. त्याला भूक लागली हुती."

आणि सांगितलं. बैलाची लाथ, पुणं, प्रतिपिंडं, सगळं. खोट माझ्यात कधीच नव्हती, हे मी तोंडानं पहिल्यांदा म्हटलं, तर आवाज दुसऱ्याच कुणा बाईचा वाटला. म्हटलं, "तुलाबी कबड्डीत लागलं हुतं, चालता येत न्हवतं. तुजं तेच आसंल आसं म्हनत न्हाई मी. कायच नसंल. पर बघून ये. आता नवं लई काय काय निघालंय म्हनं, एकच बी उचलून आत सोडत्यात."

त्यानं धोतराचा पिळा पुन्हा आवळला. मग म्हणाला, "आन निगालं तर?"

"ज्याला तू आत्ता पिंड दिलास, त्याच्यात ती खोट हुती. देताना हात आखडला का तुजा?"

त्याची आई मागंच उभी होती, ते मला दिसलं नव्हतं. किंवा दिसलं असेल. ती म्हणाली, "आक्का, दहावा झाला न्हाई तवर मेल्याल्या मानसाची आब्रू काढताय?" तिच्याजवळ तिचं खरं होतं. तुम्ही आपल्या तोंडानं सांगितलं असतंत तर ते त्या पोरीला दिलेलं दान ठरलं असतं. मी सांगितलं, ती चहाडी झाली. तेवढा फरक तुमच्या जाण्यानं पडला, आणि तो मला रोज टोचतो. गावात आता कुजबुज आहे. कुणी तुमच्या फोटोकडं बघून पदर तोंडाला लावतं. तुमच्या मिशा मी एवढी वर्षं राखल्या आणि मीच खाली उतरवल्या. रागावला असाल तर स्वप्नात तरी येऊन बोला. तेही नाही.

सुमनची लेक इथवर वाचून म्हणाली, आजी, हे छापायला देणार? लाज नाही वाटत? म्हटलं, लाज होती तेवढी विशीतच वापरून संपवली, तीही नको तिथं.

तेरावा परवा झाला. आज सकाळी अश्विनीची मोठी बॅग संदीपच्या मोटारसायकलला बांधलेली दिसली. संदीप माझ्याकडं बघत नव्हता. जावेनं दोघांच्या हातावर दही घातलं. कुंकू लावायला मला आता पुढं होता येत नाही, म्हणून मी नुसतीच अश्विनीच्या कानाशी लागले. म्हटलं, "काचेतनं बघ म्हनलं तर बघ. डोळं मिटू नगंस." तिला काही कळलं नाही. कुठं चाललाय असं मी विचारलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही.

आपल्या रस्त्यानं नसरापूरच्या पुढं हायवेला लागलं की डावीकडं पुणं आणि उजवीकडं भोंगवली. उजवीकडं वळलं की थोड्याच वेळात कामथडी, आणि तिथं हायवेला लागून आपल्या सुमनचं घर. तिच्या हातचा चहा घेतल्याशिवाय संदीप आजवर पुढं गेलेला नाही. मी सुमनला फोन करून सांगितलं, संदीप येईल, चहा ठेव, आला की मला कळव. तिनं विचारलं, आई, काय झालंय? म्हटलं, काही नाही. आणि पडवीत तुमच्या जागेवर बसले.

ऊन पायरीवरून अंगणात उतरलं. मग सुमनचा फोन आला.

"आई, चहा दोनदा उकळला. संदीप काय हिकडं आला न्हाई."

"उतरव मग," म्हटलं.

अहो, आता तृप्त व्हायचं तर तुम्ही व्हा. मी अजून फोन हातात धरून बसले आहे.